रविवारी तो पडला होता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळणं अवघड नव्हतं. नातू कशाने गेला असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "डोक्यात जन्मापासून गाठ होती, ती फुटली." समोरचा माणूस मान हलवायचा, "अरेरे" म्हणायचा आणि विषय तिथेच संपायचा. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांनी कागदावरही तेच लिहून दिलं होतं. पण ते खरं वाक्य मी पडद्यासारखं वापरलं आणि त्या पडद्याआड बसून राहिलो.

माझी सून गेल्या वर्षी माहीमला, तिच्या भावाच्या घरी, आजारपणात वारली. आपण मुलाच्या डोक्यात मारलं आणि त्या माराने तो गेला, हे मनात घेऊन ती गेली. तिच्या माराच्या दोन दिवस आधी काय घडलं होतं ते मला माहीत होतं. तिला कोणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं.

मी लालबागचा. वडील मालवणाकडून येऊन गिरणीत लागले, मीही गिरणीतच लागलो. गिरणी बंद पडल्यावर गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत निवृत्त झालो. चाळीत मला सगळे भाऊ म्हणत, घरची माणसंसुद्धा. फक्त नातू आबा म्हणायचा. चाळीबाहेर मला कोणी ओळखत असेल तर ते आमच्या गोविंदा पथकामुळे. तरुणपणी मी सगळ्यात खालच्या थरात, मधोमध उभा राहायचो. खांदे गेले तेव्हा बाजूला उभा राहून थर लावून घ्यायला लागलो. कोणाचे गुडघे थरथरतायत, कोणाचा पाय खांद्यावर चुकीच्या जागी पडलाय, हे मला खालून दिसायचं. पोरं माझ्या आवाजावर चढायची आणि माझ्या आवाजावर उतरायची. त्या आवाजाचा मला फार माज होता.

सगळ्यात वर जायला हलकं पोर लागतं. पूर्वी अशी पोरं शोधावी लागत नसत. मग गिरणीवाल्यांची घरं विरारला, कल्याणला गेली, शेजारी टॉवर उभे राहिले, आणि इतक्या लहान मुलांना वर चढवायचं नाही असा नियमही आला. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळ्यांनी तो थोडाथोडा वाकवला होता. बाहेरच्या मोठ्या हंड्यांना आम्ही सांभाळून असायचो. आपल्याच चाळीच्या अंगणात कोण येतंय विचारायला, असं म्हणायचो. म्हणजे मीच म्हणायचो.

त्या वर्षी आमच्याकडे वर जायला पोर नव्हतं. आणि माझ्या घरात तिसरीतला एक मुलगा होता, काडीसारखा, माकडासारखा चढणारा.

सून माहीमची. तिच्या माहेरी सगळे कचेरीत जाणारे. हंडी त्यांनी गॅलरीतून बघितलेली. ती स्वतः फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरीला होती. लग्न होऊन आली तेव्हा चाळीतला आवाज, सामाईक नळ, माझा पहाटेचा खोकला, सगळं तिने मुकाट्याने सोसलं. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, त्याला सरावाला न्या. खाली नाचू दे, पाणी मारू दे. पण वर नको."

मी म्हणालो, "मी आहे ना तिथे."

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. माझा मुलगा बाजूला बसून मोबाइल बघत होता, तो हसला. मीही हसलो. तिला पोराच्या डोळ्यांची काळजी होती. पोराचं डोकं अधूनमधून दुखायचं. डोळे तपासले, नंबर निघाला, चष्मा आला, आणि डोकेदुखीचं कारण सापडलं असं आम्ही सगळे धरून चाललो.

हंडीला काही आठवडे असताना, एका रविवारी सकाळी सराव होता. सून आणि माझा मुलगा लग्नाला डोंबिवलीला गेले होते. पोराने अंगणात माझा हात धरला.

"आबा, आज वर?"

"आईने काय सांगितलंय?"

"आई डोंबिवलीला आहे."

आजूबाजूची पोरं खो खो हसली. एकजण म्हणाला, "भाऊ, वकील होणार हा तुमचा." मलाही हसू आलं. मी त्याचा चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला आणि पथकाचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर बसवलं. ते त्याला मोठं होत होतं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी हनुवटीखाली दोन बोटं जात होती. मला ते दिसलं होतं. हे लिहायलाच हवं. मला ते दिसलं होतं.

थर छान लागले. तो चढला तेव्हा खालून मला त्याच्या पायांचे गोरे तळवे दिसत होते. शेवटच्या खांद्यांवर तो उभा राहिला, हात वर केला, आणि त्याच वेळी तिसऱ्या थरातल्या कोणाचा तरी पाय सरकला. थर एकदम कोसळत नाहीत. आधी बसतात, मग सांडतात. झेलणारी पोरं होतीच. तो जमिनीवर पडलाच नाही, हे मी नंतर स्वतःला हजारदा सांगितलं. तो पोरांच्या हातांवर आला. पण येताना हेल्मेट निघालं आणि डोक्याची मागची बाजू खालच्या एका पोराच्या गुडघ्यावर आपटली. आवाज मला ऐकू आला. फार मोठा नव्हता.

आमच्या पथकात एक रीत होती. पडलेल्या पोराला रडायला वेळ द्यायचा नाही. तोंडावर पाणी मारायचं, खोबऱ्याच्या तुकड्यावर गूळ ठेवून हातात द्यायचा आणि लगेच त्याच थरांवर परत चढवायचं. नाहीतर भीती बसते आणि पोर पुन्हा कधी वर जात नाही, असं आम्ही मानायचो. मला लहानपणी असंच परत चढवलं होतं, आणि ते मी अभिमानाने सांगायचो.

तो डोकं धरून रडत होता. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. "रडतंस कित्याक?" मी म्हणालो. घरात मालवणी बोललं की तो हसायचा, म्हणून. "बघू, रक्त आहे का? नाही ना? मग?"

"दुखतंय, आबा."

"दुखणारच. पडलं की दुखतं. आता परत चढ, म्हणजे जाईल."

"खरंच जाईल?"

"जाईल."

तेव्हा पथकाचं सगळं बघणारा पोरगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आज राहू दे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला. थर परत लागले. नातू चढला. या वेळी तो नीट उभा राहिला, हात वर केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला ती शूरपणाची खूण वाटली.

नंतर आम्ही दोघं कोपऱ्यावर वडापाव खायला गेलो. त्याने अर्धाच खाल्ला. मी त्याला चष्मा घातला आणि म्हणालो, "घरी सांगायचं नाही हां. आईला कळलं तर हंडी बंद."

"नाही सांगणार."

"शप्पथ?"

त्याने गळ्याला चिमटा काढला. "तुमची शप्पथ, आबा."

लहान मुलं शपथ कशी घेतात हे विसरलेल्यांसाठी सांगतो. ज्याची शपथ घेतली, ती मोडली तर तो माणूस मरतो. समोरच्याने "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. चाळीतलं प्रत्येक पोर हे मानतं. मी ते मानत नव्हतो, तरी मला ते सोयीचं वाटलं.

सोमवारी तो शाळेतून आला तो डोकं धरूनच. घरात मी एकटा होतो. त्याला मोरीत उलटी झाली. मी पाण्याची बादली ओतून मोरी धुतली, खिडकी उघडली, त्याच्या कपाळाला बाम चोळला आणि त्याला निजवलं. संध्याकाळी सून आल्यावर विचारत होती, "झोपलाय का हा अवेळी?" मी म्हणालो, "उन्हातून आलाय." मुलाने डोक्याला लागल्यावर दुसऱ्या दिवशी उलटी केली तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं, एवढं मला कळत होतं. पण डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, कुठे पडला का? मी ती मोरी का धुतली, याचं दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

मंगळवारी संध्याकाळी सून दमून आली. उद्या त्याची वर्गात चाचणी होती आणि वही कोरी होती. ती म्हणाली, पाढे लिही. तो म्हणाला, नाही होत. ती म्हणाली, नाटकं करू नकोस. तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. तिने दंडाला धरून उभं केलं, त्याने पेन्सिल भिरकावली, आणि तिचा हात उठला. एकच चापट, कानशिलाच्या वर. तो तोल जाऊन कपाटाच्या दाराला लागला. दार आधीच किलकिलं होतं, ते बंद झालं. एवढंच. मी खाटेवर पेपर घेऊन बसलो होतो. सगळं माझ्यासमोर झालं.

तिने त्याला लगेच उचललं. "लागलं का रे? दाखव. कुठे?" तो रडलासुद्धा नाही. तिच्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहिला. तिने त्याला गरम भात भरवला, पाढे तसेच राहिले.

बुधवारी सकाळी गणवेश घालताना त्याला आकडी आली.

परळच्या मोठ्या इस्पितळात आम्ही टॅक्सीने नेलं. तिथली शिकाऊ डॉक्टरीणबाई वयाने माझी नात शोभली असती, पण तिच्या बोलण्यात घाई नव्हती. तिने विचारलं, "डोक्याला काही लागलं होतं का? गेल्या काही दिवसांत?"

सून एकदम म्हणाली, "मी मारलं. काल. कपाट लागलं त्याला."

"जोरात?"

"माहीत नाही. जोरात असेल. मी मारलं ना."

"त्याच्या आधी? शाळेत, खेळताना? कुठून पडला वगैरे?"

सून म्हणाली, "नाही. म्हणजे मला माहीत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "भाऊ?"

पोरगा तेव्हा शुद्धीवर होता, ग्लानीत, पण ऐकत होता. डॉक्टरीणबाई त्याच्यावर वाकली. "काय रे, पडला होतास का कुठे?" त्याने डोळे फिरवून मला शोधलं. मला बघितलं. मग म्हणाला, "नाही."

मीही म्हणालो, "नाही."

आधी त्यांना मेंदूला जंतूंची बाधा वाटली. मान ताठ झाली होती, ताप होता. पाठीतून पाणी काढलं, त्यात जंतू सापडले नाहीत. मग एमआरआय झाला आणि मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. मुलगा, सून, मी. ते म्हणाले, आईच्या पोटात बाळ घडत असताना कधी कधी कातडीचा एक बारीक तुकडा डोक्याच्या आत राहून जातो. कातडी तिचं काम करत राहते. आत चरबी साठते, केससुद्धा येतात. हळूहळू पिशवी होते. काहींना म्हातारपणापर्यंत कळत नाही. याची पिशवी फुटली आहे. आतला तेलकट माल मेंदूच्या भोवतालच्या पाण्यात पसरलाय. "आमटीवर तेलाचे ठिपके तरंगतात ना, तसे हे बघा." त्यांनी बोटाने दाखवलं. ठिपके होते. सगळीकडे होते. "मेंदूला हे सोसत नाही. म्हणून ताप, म्हणून आकडी."

मुलाने विचारलं, "मारामुळे फुटली का?"

डॉक्टर म्हणाले, "मारामुळे फुटू शकते. आपोआपही फुटते. मार फार जोराचा असावा लागतो असंही नाही. नेमकं कशाने, ते कोणी सांगू शकणार नाही."

मी ते वाक्य पूर्ण ऐकलं. सुनेने त्यातलं पहिलंच ऐकलं. माझ्या मुलानेही पहिलंच ऐकलं, आणि त्याने बायकोकडे बघितलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. डॉक्टर समोर होते, चित्र समोर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला पोलिसांची भीती वाटली, हे खरं. पथकाचं नाव जाईल असं वाटलं, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला या वयात लिहायला लागतेय. दोष ठेवायला तिथे एक माणूस आधीच तयार होता. तिने स्वतःच पुढे येऊन तो घेतला होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पथकाचा तो पोरगा इस्पितळाच्या दारात भेटायला आला. "भाऊ, आम्ही काय बोलायचं?"

"काही बोलायचं नाही. गाठ होती."

"वहिनींना सांगितलंय ना तुम्ही, रविवारचं?"

मी मान डोलावली. तो सुटल्यासारखा निघून गेला. पुढे सराव बघितलेल्या सगळ्यांनी हेच धरलं की घरात माहीत आहे, आता तो आपला विषय नाही. चाळीत माझ्या शब्दाला मान होता. तो इथे कामाला आला.

औषधांनी ताप उतरला. काही दिवस चांगले गेले. त्याने डबा मागितला, पेज मागितली, शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी भांडला. ऑपरेशन करून पिशवीचं उरलेलं काढायचं ठरलं. एका दुपारी सून खाली औषधं आणायला गेली होती. त्याने माझं बोट धरलं.

"आबा, शप्पथ सुटली म्हणा ना."

"कशाला?"

"आई रडते. तिला वाटतं तिच्यामुळे झालं. मला सांगायचंय तिला."

"तू आधी बरा हो. मग आपण दोघं मिळून सांगू."

"आत्ता सुटली म्हटलं तर काय होतं?"

"डोळे मीट बघू."

"तुम्हाला काही नाही होणार ना, आबा? मी नाही सांगितलं अजून कुणाला."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. सून गोळ्यांची पिशवी घेऊन आली आणि तिने विचारलं, "काय गप्पा चालल्यात?" तो म्हणाला, "काही नाही." त्याचं ते 'काही नाही' अगदी माझ्यासारखं होतं.

ऑपरेशन झालं. पिशवी निघाली, पण सांडलेलं होतं ते सगळं निघण्यासारखं नव्हतं. पुढच्या दिवसांत त्याचा उजवा हात पडला, मग बोलणं गेलं. त्या तेलाने मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडल्या, असं सांगितलं. रक्त पोचेना. मग तो गेला. त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही. सून त्याच्या गार पडलेल्या उजव्या तळव्यावर आपला तळवा घासत होती आणि म्हणत होती, "बाळा, मला पण मार. एकदा मार मला." लोक तिला ओढत होते. मी दाराजवळ उभा होतो.

त्या वर्षी आमच्या चाळीची हंडी लागली नाही. अंगणात त्याच्या फोटोचा फलक लागला. बायका तिच्याशी गोड बोलायच्या आणि जिन्यात थांबून वेगळं बोलायच्या. "हात फार चालायचा गं हिचा." हात कधी चालायचा? मी आठ वर्षांत एकदा बघितला. पण मी जिन्यातून खाली मान घालून गेलो.

मुलाने तिला एकदाच विचारलं. जेवताना. "जरा हात आवरला असतास तर?" ती म्हणाली, "हो." आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. मी माझं जेवण संपवलं.

त्यानंतर त्यांच्यात काही उरलं नाही. ती माहीमला भावाकडे गेली. मुलाने बदली मागून घेतली आणि तो पुण्याला गेला. मी खोलीत एकटा राहिलो. मी पथकाकडे पुन्हा गेलो नाही. पोरं म्हणायची, भाऊंना नातवाचं दुःख झालंय. त्यांच्या घरून जेवणाचे डबे यायचे. मी ते खायचो.

मला वाटायचं, दिवस जातील तसं तिचं दुःख कमी होईल आणि मग सांगायची गरज उरणार नाही. उलटंही वाटायचं, की आता सांगून तिला काय मिळणार? डॉक्टर म्हणालेच होते, नेमकं कशाने ते कोणी सांगू शकत नाही. असंही असेल की दोन्हींपैकी कशानेच नाही. हे सगळं विचार करण्यासारखं आहे आणि मी तो विचार वर्षानुवर्षं केला. पण तिच्याजवळ विचार करायला एकच गोष्ट होती, आणि माझ्याजवळ दोन होत्या. दुसरी मी तिला दिली नाही. ती मिळाली असती तर ती निर्दोष सुटली असती असं मी म्हणत नाही. तिला निदान शंका तरी घेता आली असती.

ती वारल्यावर मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. रविवार, हेल्मेट, मोरी, शपथ. शेवटी त्याने विचारलं, "तिला माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही." त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग त्याने फोन ठेवला. अजून त्याचा फोन आलेला नाही, आणि तो यावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

ती असताना मी एकदा माहीमला गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. वाक्य तयार केलं होतं. बसमध्ये लालबागपासून माहीमपर्यंत ते मनात म्हणत गेलो, एकेक शब्द तपासत, सवयीने.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. "अगंबाई, भाऊ! बसा ना. उन्हाचे आलात." भावाची धाकटी मुलगी जमिनीवर अभ्यास करत बसली होती. सून तिच्याजवळ बसून तिला गणित सांगत होती, आणि सांगताना तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पोरीने पाटी पुढे केली की ती हनुवटीने दाखवायची, इथे चुकलंय, इथे हातचा धर. पोरगी म्हणाली, "आत्या, हाताने दाखव ना." ती म्हणाली, "दिसतंय ना तुला? मग?"

मी ते बघत बसलो. पोरगी आत गेली. सुनेने चहा आणला, साखर माझ्या बेताची, विसरली नव्हती.

"तुम्ही काही सांगणार होतात का?" ती म्हणाली. "आल्यापासून गप्प आहात."

मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. तीच आधी बोलली.

"मीच सांगते, भाऊ. कधीपासून मनात आहे. सगळ्यांनी मला विचारलं. ह्यांनी विचारलं, माझ्या भावाने विचारलं, चाळीतल्या बायकांनी डोळ्यांनी विचारलं. तुमच्यासमोर मारलं मी त्याला. तुमचा एकुलता एक नातू. आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत मला. कधीच नाही." "तेवढ्यावर उभी आहे मी."

ती उठली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. तिचा उजवा हात. माझ्या तोंडून सवयीने "सुखी राहा" निघून गेलं. मग मी चहा संपवला, सहज आलो होतो म्हणालो, आणि जिना उतरलो.

बसमध्ये तयार केलेलं वाक्य असं होतं: पोरी, तू त्याला मारलंस त्याच्या दोन दिवस आधी मी त्याला थरावर चढवलं होतं, तो डोक्यावर पडला, मी त्याला परत चढवलं आणि तुला सांगू नको म्हणून त्याच्याकडून शपथ घेतली, आणि इतकी वर्षं तुला एकटीला हे सोसू दिलं, मला माफ कर.